धोंडीभाऊ आणि टिमकूचे दात

धोंडीभाऊंना माणसाचा चेहरा लक्षात राहत नसे. दात राहत. बेल्ह्याच्या बाजारात एखादा माणूस चार वर्षांनी समोर आला, की धोंडीभाऊ त्याच्याकडे कोऱ्या नजरेनं बघत उभे राहायचे. तो बिचारा "राम राम भाऊ, वळखलं का?" म्हणून हसला, की लगेच डोक्यात दिवा लागायचा. "आरं, तू बोरीचा! वरचा सुळा वाकडा! तांबडी जोडी नेली व्हती!"

धंदाच तसा होता, बैलांच्या दलालीचा. बेल्ह्याचा बैलबाजार सगळ्या जुन्नर तालुक्यात नावाजलेला आणि त्या बाजारात धोंडीभाऊंचा शब्द शेवटचा. बैलाचं वय त्याच्या दातांवर कळतं, मालकाच्या तोंडावर नाही, हे त्यांचं ब्रीद. "तोंड उघडल्याबिगर वय कळत न्हाई," असं ते बैलाबद्दल म्हणायचे, आणि मग हळूहळू सगळ्याच गोष्टींबद्दल म्हणायला लागले. पंपाबद्दल, पुढाऱ्याबद्दल, घराच्या पायाबद्दल. शेजारच्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा मुलगा भजी खात असताना धोंडीभाऊ त्याच्या तोंडाकडे एकटक बघत बसले होते. पाहुणे सत्तावीस सांगत होते. धोंडीभाऊ मुलीच्या बापाच्या कानात म्हणाले, "सत्तावीस न्हाई. जुळलेला हाय." जुळलेला म्हणजे सगळे दात आलेला, पूर्ण वयाचा बैल. बापानं शाळेचा दाखला मागवला. नवरदेव छत्तीसचा निघाला.

मी तेव्हा बेल्ह्याच्या हायस्कुलात चित्रकला शिकवायचो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझी भाड्याची खोली धोंडीभाऊंच्या घराला लागून. ते घरी एकटेच असत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलता एक मुलगा संपत भोसरीला कंपनीत होता, तिथंच त्याचा संसार. धोंडीभाऊ सकाळी भाकरी स्वतः थापायचे आणि ती थापताना भिंतीपलीकडून जो आवाज यायचा, तो ऐकून माझी बायको सुमन म्हणायची, "भाऊ भाकरी करतात की कुणाला मारतात?"

एका रविवारी सकाळी ते आमच्याकडे आले. दारावरच्या भिंतीवर त्यांना एक बैल रंगवून हवा होता. "मास्तर, बैल काढा. पण आधी कागदावर दावा. मी पास केला की मग भिंतीवर." मी कागद आणायला आत गेलो. टीव्ही चालू होता, कारण रविवारी साडेनऊला 'टिमकू' लागायचं. मी कार्टून बघायचो ते अभ्यास म्हणून, असं मी सुमनला सांगितलेलं होतं. ती "हो का" म्हणायची.

टिमकू हा एक पांढरा गोऱ्हा. कपाळावर काळा ठिपका, शेपटीला गोंडा, आणि हिंदी बोलायचा. दर रविवारी त्याच्यावर एक संकट यायचं आणि दर रविवारी ते अर्ध्या तासात टळायचं. विहिरीत पडला की बादलीत बसून वर यायचा. गाडीखाली सापडला की पापडासारखा चपटा व्हायचा, मग अंग झटकलं की पुन्हा गोल. शेपटीला आग लागली, तर पुढच्या रविवारी गोंडा जागच्या जागी.

मी कागद घेऊन बाहेर आलो, तर धोंडीभाऊ टोपी मांडीवर ठेवून बसले होते. मयताला आल्यासारखा गंभीर चेहरा. कार्यक्रम संपला तेव्हा म्हणाले, "जनावर चांगलं हाय. पण वरच्या जबड्यात दात काढलेत."

"मग?"

"मास्तर, तुमी चित्रकार. बैलाला वर म्होरचे दात नसत्यात. नुसती हिरडी असती."

मला खरंच माहीत नव्हतं. मी म्हटलं, "भाऊ, ते कार्टून आहे. त्याला माणसासारखं हसवायचं असतं."

"हसू दे की. हिरडीनं हसू दे. माझी आय शेवटची धा वर्षं हिरडीनंच हसायची, काय वंगाळ दिसत व्हती?"

भिंतीवरच्या बैलाचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. पण दर रविवारी सव्वानऊला ते हजर. येताना "मास्तर, पेपर आलाय का?" असं रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारायचे. बाजारातल्या एवढ्या नामांकित माणसानं कार्टून बघायला जाणं बरं दिसत नव्हतं. पेपर ते उघडत, पहिल्या पानावर हात ठेवत, आणि टीव्हीकडे बघत. गोऱ्हा चपटा होऊन पुन्हा गोल झाला, की त्यांच्या पोटातून एक हसू यायचं. ते ओठांपर्यंत पोचू द्यायचे नाहीत, पण खांदे हलायचे.

"गेल्या रविवारी पाय मोडला, ह्या रविवारी धड! असं जनावर बाजारात आलं तर मी रांगेत पयला."

असं वर्षभर चाललं. आणि मग एका रविवारी धोंडीभाऊ उठून टीव्हीजवळ गेले. पडद्यापासून वीतभर अंतरावर नाक नेलं. टिमकू हसत होता.

"मास्तर! वरचे दात गेले!"

मी बघितलं. खरंच, वर हिरडी होती.

"तुम्ही म्हणत होता तसं झालं की," मी म्हटलं. "चूक सुधारली त्यांनी."

धोंडीभाऊ मात्र खूश दिसले नाहीत. जागेवर येऊन बसले, पेपरची घडी केली. "चूक सुधारली म्हंजे काय झालं, ते कळतंय का तुमाला? ज्यानं हे काढलं, त्यानं जाऊन खरा बैल बघितलाय. मास्तर, आता गंमत संपली. खरा बैल बघितलेला माणूस थट्टा करत न्हाई."

मी हसण्यावारी नेलं. पण दोन आठवड्यांनी टिमकूचं डावं शिंग टोकाला मोडलं, आणि पुढच्या रविवारी ते मोडलेलंच होतं. त्याच्या पुढच्या रविवारीही. गावात ही बातमी कशी पसरली कोण जाणे, पण बाजाराच्या दिवशी सखाहरीच्या हॉटेलात चहाला गेलो, तर हाच विषय. तेव्हा कळलं, की बेल्ह्यात चोरून कार्टून बघणारे आम्ही दोघंच नव्हतो.

"शिंग मोडलेलं राहिलं ते काढणाऱ्याच्या आळसामुळं," गुरांच्या दवाखान्यातले कंपाउंडर म्हणाले. ते शिकलेले, त्यामुळे सगळ्या गोष्टींचं कारण आळस, हे त्यांना ठाऊक होतं. "जुना चित्रकार सोडून गेला असणार. नव्याला शिंग जमत नाही."

दत्तू न्हावी म्हणाला, "तसं न्हाई. संध्याकाळच्या शिरेली बघा. जिथं बघावं तिथं रडारड. बायाबापड्यांना रडायला आवडतं. आता कार्टूनवालेबी रडवणार."

धोंडीभाऊंनी बशीतला चहा संपवला. मग मिशी पुसली. "शिंगाचं सोडा. खालचे दात बघितले का कुणी? परवाच्या रविवारी म्होरचे दोन दुधाचे पडलेत आणि रुंद दात आलेत. दोन दाती झालाय त्यो. वर्षभर आदत व्हता, नुसत्या दुधाच्या दातांचा, आता वयात आलाय. दोन दात आलं की काय येतं?"

हॉटेलात सगळे शेतकरीच. कुणीतरी म्हणालं, "वेसण."

"चार रविवारांत त्याला वेसण घालणार. ल्याहून ठेवा."

"आणि नाही घातली तर?" कंपाउंडरांनी विचारलं.

"तर म्होरला बैल मी तोंड न उघडता इकत घेईन."

भट्टीवरचं दूध उतू गेलं तरी सखाहरीचं लक्ष नव्हतं. हे म्हणजे एखाद्या पैलवानानं हात बांधून कुस्ती करण्याचं कबूल करावं तसं होतं.

त्यानंतरच्या रविवारी आमच्या खोलीत सहा माणसं होती, पुढच्या रविवारी अकरा. पेपर एकच. सुमननं चहाचं छोटं पातेलं वर ठेवलं आणि लग्नातलं आहेराचं काढलं. लाईट जाऊ नये म्हणून दत्तूनं वायरमनची दाढी आधीच करून ठेवली होती, आणि जाताना त्याला दोनदा आठवण दिली होती.

तिसऱ्या रविवारी टिमकूला वेसण घातली.

त्या दिवशी गाणं नव्हतं, धडपड नव्हती. अंगणात दोघांनी त्याला धरलं होतं. एरवी त्याच्या पाठीवर बसून बडबडणारी मैना झाडावर गप्प बसली होती. दाभण दाखवलं नाही, पण टिमकूचा डोळा पडदाभर दाखवला. मी चित्रकलेचा मास्तर, पण इतका साधा काढलेला डोळा मी तोवर बघितला नव्हता. पांढऱ्यावर एक काळा गोल, बस.

कंपाउंडर उठून उभे राहिले. "हरलो भाऊ. जिंकलात."

सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. धोंडीभाऊ टोपीच्या काठावरून बोट फिरवत बसले होते. "जिकलो व्हय," ते म्हणाले. "पण डोळा बराबर काढलाय. नाक टोचताना बैल माणसाकडं बघत न्हाई. लांब कुठंतरी बघतो. जवळ उभं ऱ्हायल्याबिगर हे कळत न्हाई." मग चहा न घेता निघून गेले. सुमन म्हणाली, "जिंकलेला माणूस असा जातो?"

इथपर्यंत सगळं ठीक होतं. खरी भानगड पुढच्या रविवारी झाली. टिमकूच्या मालकाच्या दारात एक नवा माणूस आला. तांबडा फेटा, कोयत्यासारख्या मिशा, एक सोन्याचा दात. हसला की मागे कावळे ओरडायचे. तो बैलांचा दलाल होता.

खोलीतल्या चौदा माणसांनी एकाच वेळी धोंडीभाऊंकडे बघितलं आणि एकाच वेळी मान वळवली.

बाजाराच्या दिवशी मात्र कुणी मान वळवली नाही. "भाऊ, टीव्हीवर आलात! आता आमाला वळख देनार का?" "सोन्याचा दात कुठं ठेवला?" बोरीचा वाकड्या सुळ्याचा माणूससुद्धा मुद्दाम येऊन हसून गेला. धोंडीभाऊ चिडले, पण कशावर, ते ऐकून मी चाट पडलो. दलाल दुष्ट दाखवला, याचं त्यांना फारसं वाटलं नव्हतं.

"दुष्ट असत्यात की दलाल. मला सांगता? पण त्यो रुमालाखाली हात घालून मोठ्यानं बोलत व्हता! रुमालाखाली बोटं धरून भाव करायचा म्हंजे तोंड बंद पायजे. न्हाईतर रुमाल कशाला? आन् गिऱ्हाईकाचे हात बघितले न्हाईत त्यानं. मास्तर, कागद घ्या. टीव्हीवाल्यांना पत्र लिहायचं."

"मराठीत लिहू? ते दिल्लीला जाणार."

"त्यांना बैलाचं कळतंय, मराठी न कळायला काय झालं?"

ते पत्र मी लिहिलं. सांगत ते होते, खोलीत येरझाऱ्या घालत, आणि मधेच थांबून "कुठपातूर आलं?" म्हणत. अजून त्यातला बराचसा भाग मला पाठ आहे.

"तुमचा बैल आमी बघतो. वळण चांगलं हाय. वशिंड जरा म्हागं सरकवा. आता तुमी त्याला इकणार, हे आमाला दिसतंय. इका. बैल हाय, इकला जाणारच. पण दलाल नीट दाखवा. चांगला दलाल आधी गिऱ्हाईकाचे हात बघतो. तळव्याला चाबकाचा घट्टा असला, तर सौदा मोडतो. गिऱ्हाईकाच्या गाडीचा आधीचा बैल बघतो. त्याच्या खांद्यावर जखम असली, तर सौदा मोडतो. तुमच्या दलालानं ह्यातलं काय बी केलं न्हाई. तवा टिमकूला त्याच्या हाती देऊ नये. दुसरा दलाल आणावा. पायजे तर आमी माहिती देऊ."

खाली त्यांनी सही केली. सही करताना जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर नांगरल्यासारखं.

उत्तर आलं नाही. येणार नव्हतंच, हे मला ठाऊक होतं. पत्र पोचायच्या आधीच पुढचा भाग लागला. टिमकूला टेम्पोत चढवलं. त्याची आई गोठ्यातून हंबरली. टेम्पो वळणावर गेला, धूळ राहिली, आणि मैना टेम्पोमागं थोडी उडाली आणि परत आली. संपलं. पुढचा भाग पुढच्या रविवारी.

पुढच्या रविवारी साडेनऊला गाण्याची स्पर्धा लागली.

आम्हाला वाटलं, एखादा खास कार्यक्रम असेल. त्याच्या पुढच्या रविवारीही तीच स्पर्धा. तिसऱ्या रविवारी खोलीत आम्ही चौघंच होतो, आणि पडद्यावर एक मुलगी डोळे मिटून गात होती. टिमकू बंद झालं होतं. का, ते कुणी सांगितलं नाही. कार्टूनबद्दल कोण कुणाला सांगतो?

हॉटेलात अंदाज चालले. कंपाउंडर म्हणाले, टिमकू पळून घरी आला असता, शेवट तसाच होणार होता. दत्तू म्हणाला, शर्यतीत पहिला आला असता, मग मालकाला पश्चात्ताप. आठवड्याभरात कांद्याचा बाजार पडला आणि विषय बदलला. पेपर वाचायला माझ्याकडे एकटे धोंडीभाऊ येत राहिले. टीव्ही बंद असायचा. ते बसायचे.

"कुठं गेला आसंल?" एका रविवारी त्यांनी विचारलं.

"भाऊ, तो कुठंच गेला नाही. ती चित्रं होती. काढायची थांबवली."

"ती चित्रं व्हती हे मला ठावं हाय. मी काय येडा न्हाई." त्यांनी पेपर बाजूला ठेवला. "पण ज्यानं काढला त्याला तरी ठावं आसंल ना? इकलेलं जनावर कुठं गेलं, कसं हाय, ते बघाय पायजे. असं मधीच सोडून कसं चालंल?"

मी म्हटलं, "विकलेल्या जनावराकडं कोण बघायला जातं, भाऊ?"

त्यांनी टोपी चढवली. मग म्हणाले, "मंगळवारी रजा टाका."

मंगळवारी सकाळी त्यांच्या मोटरसायकलवर मागं बसून मी निघालो. आळेफाटा गेला, नारायणगाव गेलं. विचारलं तर "दिसंल की" एवढंच उत्तर. मंचरला वळून आम्ही अवसरी बुद्रुकला पोचलो. एका वस्तीवर गाडी थांबवून धोंडीभाऊ घराकडे न जाता सरळ गोठ्याकडे गेले, स्वतःच्याच घरी गेल्यासारखे.

गोठ्यात एक म्हातारा बैल होता. कधीकाळी खिल्लारी रुबाब असणार. आता पाठीचा कणा वर आला होता. धोंडीभाऊंनी आधी गव्हाणीत हात घालून वैरण चाचपली. मग पाण्याचा हौद बघितला. मग बैलाच्या खांद्यावर तळहात ठेवून, जू बसतं त्या जागी बोटांनी दाबून बघितलं. दावं तपासलं. हे सगळं झाल्यावर मग बैलाच्या गळ्याखालची पोळी खाजवायला लागले. बैलानं मान लांब केली आणि डोळे मिटले.

घरातून एक बाई चहा घेऊन बाहेर आल्या. दोन कप. पाहुणे कोण, कुठले, हे न विचारता.

"दावं काचतंय हो, बाई," धोंडीभाऊ म्हणाले. "बदला."

"बदलते, भाऊ." त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अकरा वर्सं झाली पाखऱ्या आमच्यात येऊन. यांनीच दिला. वर्साला दोन-तीनदा येत्यात बघाय. पयल्यांदा आले तवा आमाला वाटलं, सौदा मोडाय आले का काय. घरात या म्हणलं तर येत न्हाईत. गोठ्यातच चहा. आता न्हाई आले तर आमीच इचारतो, भाऊ का आलं न्हाईत म्हणून."

"तुम्ही सगळ्याच बैलांना बघायला जाता?" परत निघताना मी विचारलं.

"सगळी कुठली. जमंल तितकी. लांब गेलेली राहत्यात." ते गाडीला किक मारायचं थांबले. "काही ठिकाणी गेल्यावर गोठा रिकामा दिसतो. मग काय इचारत न्हाई. पाणी पितो, येतो."

बाजारात ज्यांच्या नावानं शेतकरी दचकायचे, त्या माणसाचे सगळे मंगळवार असे जात होते आणि भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या मला ते ठाऊक नव्हतं. दत्तू तर खात्रीनं सांगायचा, की भाऊंची आंबेगाव तालुक्यात कुणीतरी बाई आहे.

मंचरच्या फाट्यावर उसाच्या रसाच्या गाड्यापाशी आम्ही थांबलो. मला आपलं वाटलं म्हणून बोललो. "भाऊ, भोसरी इथून दीड तास. संपतकडं जाऊन येऊ या का? मी आहे बरोबर."

धोंडीभाऊंनी रसाचा ग्लास दोन्ही हातांत धरला.

"जनावराकडं न सांगता जाता येतं, मास्तर. लेकाकडं फोन करून जावं लागतं. एकदा गेलो व्हतो तसाच, बाजार करून, न सांगता. एक खोली. ह्यो रातपाळी करून झोपलेला, सूनबाई कामावर निघालेली. मी दारात. सगळी अवघडली. संपत म्हणला, दादा, फोन करून येत जा ना. वाईट न्हाई बोलला. खरं तेच बोलला." त्यांनी रसाचा घोट घेतला. "मग फोन केला न्हाई. कसा करायचा? काय म्हणायचं? येतो म्हणायचं का येऊ का म्हणायचं?"

"किती दिवस झाले?"

"तीन वर्सं झाली. दिवाळीला ती येत्यात, एक रात. बोलणं व्हतं न व्हतं तवर गाडीची वेळ."

बाजूलाच टेलिफोनचं बूथ होतं. रस संपवून त्यांनी टोपी नीट केली, बूथच्या काचेत बघितलं, आणि आत गेले. कंपनीचा नंबर त्यांना तोंडपाठ होता. मी बाहेर गाडी धरून उभा. काचेतून दिसत होते. फोन लागला, कुणीतरी बोलावून आणायला गेलं असणार, कारण ते खूप वेळ नुसते कानाला लावून उभे होते. मग त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी मान हलवली, जशी आपण समोर माणूस असल्यावर हलवतो.

बाहेर आले. उपरण्यानं तोंड पुसलं.

"काय म्हणाला?"

"या म्हणला. आताच या म्हणला. सुटतोय तीनला." आवाज एकदम बाजारातला, ठणठणीत. "मास्तर, लेकाकडं जाताना काय नेत्यात हो?"

"नुसतं गेलं तरी चालतं, भाऊ."

"न्हाई, न्हाई. नातू हाय."

आम्ही मंचरच्या पेठेत कापडाच्या दुकानात शिरलो. दुकानदारानं शर्टांचा ढीग काढला आणि विचारलं, "पोरगं केवढं आहे?"

चालत्या बैलाचं वजन वीस पावलांवरून सांगणारे धोंडीभाऊ अंदाज करायला लागले. त्यांनी हात खाली नेला, गुडघ्याच्या वर धरला. "दिवाळीला एवढा व्हता." त्यांनी हाताकडे बघितलं. मग तो हात हळूच वर सरकवला, अर्ध्या मांडीपर्यंत. पुन्हा थांबले. दुकानदार फूटपट्टी हातात घेऊन वाट बघत होता.

"वाढला आसंल," धोंडीभाऊ म्हणाले. हात आणखी चार बोटं वर गेला. मग त्यांनी तो काढून घेतला आणि गल्ल्यावर थाप मारली. "वरची दोन्ही मापं बांधा. एक बसंलच."